नळाची तोटी : तिचा इतिहास आणि तिची निवड

आपल्या मराठवाड्यातील गावांत "आज नळ आला का हो?" असा प्रश्न शेजारीण शेजारणीला विचारते, तेव्हा तिला नळाची चौकशी करावयाची नसते. नळ बिचारा भिंतीत जेथल्या तेथेच असतो. येते आणि जाते ते पाणी. परंतु बोलण्याच्या सवयीने ह्या दोहोंत असा काही अभेद झाला आहे की, नळ म्हणजेच पाणी, अशी आपली नकळत समजूत होऊन बसली आहे. स्वयंपाकघरात नवी तोटी बसवावयाची झाली म्हणजे ह्या समजुतीचा परिणाम दिसून येतो. दुकानात गेल्यावर आपण तिची चकाकी पाहतो, मानेची कमान पाहतो, उघडल्यावर धार केवढी पडेल हे विचारतो. ती बंद कशी होते, असे विचारणारे गिऱ्हाईक विरळेच. वस्तुतः पाणी सोडावयास नुसते भोक पुरेसे आहे. तोटी जन्मास आली ती पाणी थांबविण्यासाठी. हे तिचे मूळ कार्य ध्यानात ठेवले तर तिचा इतिहासही उलगडतो आणि तिची निवडही सोपी होते. ह्या दोन्ही गोष्टी आज आपणांसमोर क्रमाने मांडण्याचा विचार आहे.

आरंभ आपल्या बीडपासूनच करू. बीड शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर खजाना नावाची प्रसिद्ध विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान ह्याने ती बांधविली, आणि तिची रचना राजा भास्कर नावाच्या स्थापत्यविशारदाने केली, असे सांगतात. खजिन्यातील द्रव्य तिच्यात खर्ची पडले म्हणून तिचे नाव खजाना पडले, ही लोकांतील आख्यायिका. ह्या विहिरीची खरी थोरवी तिच्या भुयारी कालव्यांत आहे. जमिनीखालून पाणी आत येते आणि जमिनीच्या उताराचा नेमका अंदाज घेऊन काढलेल्या दुसऱ्या भुयारातून ते खालच्या शेतांकडे आपोआप वाहत जाते. तेथे मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. परंतु श्रोतेहो, तेथे तोटीही नाही. रात्रंदिवस पाणी वाहते आहे आणि त्या काळच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. कारण वाहून गेलेले पाणी अखेर पिकाच्या मुळाशीच जात होते. देवळांच्या कुंडांवर आपण जी दगडी गोमुखे पाहतो त्यांचीही तीच गोष्ट. गोमुखाला तोंड आहे, पण ते मिटावयाची सोय नाही.

मोठ्या शहरांत ह्याच तत्त्वाचा विस्तार झाला. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डोंगराच्या बाजूचे पाणी भुयारी नहरीने आणि पुढे मातीच्या नळांनी शहरात खेळविले. तेथील पाणचक्की अठराव्या शतकात अशाच पाण्याच्या जोरावर फिरू लागली. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत बांधीव भुयार आणून जागोजाग हौद बांधले. ह्या सर्व योजनांत पाणी हौदापर्यंत येई आणि तेथून ते घागरीने उचलून न्यावे लागे. पाणी घरात येत नव्हते. माणूस पाण्याकडे जात होता. माणूस म्हणण्यापेक्षा घरची स्त्री किंवा पाणक्या जात होता, असे म्हणणे अधिक खरे होईल.

ह्या कष्टाचा एक परिणाम असा की, पाणी जपून वापरा असे त्या काळी कोणास शिकवावे लागत नसे. आडावरून पोहऱ्याने शेंदून, चार घागरी डोक्यावरून आणून जिने रांजण भरला, तिला एका तांब्याची किंमत ठाऊक होती. रांजणातून घेतलेले पाणी आपोआप मोजले जाई, कारण ते भांड्याने घेतले जाई. तोटीने हे मोजमाप नाहीसे केले. धार मोजता येत नाही, आणि जी वस्तू मोजली जात नाही तिचा हिशोब राहत नाही. तोटीमुळे आपल्या गृहिणींच्या मानेवरचे ओझे उतरले, हा तिचा फार मोठा उपकार होय. त्याबरोबर हिशोबाची सवयही उतरली, ही त्या उपकाराची किंमत.

आपल्या घरांत तोटी प्रथम नळाबरोबर आली असे मात्र नव्हे. न्हाणीघरातील तांब्याचा बंब आठवा. त्याला पितळेची लहानशी तोटी असे. ती अगदी प्राचीन पद्धतीची तोटी. पितळेच्या नळीत एक निमुळता खुंटा बसविलेला असतो आणि त्या खुंट्याला आडवे भोक पाडलेले असते. भोक धारेच्या रेषेत आले की पाणी वाहते. खुंटा पाव फेरा फिरविला की भोक आडवे होते आणि पाणी थांबते. रोमन लोक आपल्या शिशाच्या नळांना कांशाच्या अशाच तोट्या बसवीत असत. बंबासारख्या भांड्याला ही तोटी उत्तम, कारण तेथे पाण्याचा दाब तो कितीसा! परंतु खुंटा आणि नळी एकमेकांवर घासून झिजतात, मध्ये फट पडते आणि तोटी गळू लागते. दाब जितका अधिक तितकी गळती अधिक.

हा दोष जगाला खरोखर जाचू लागला तो एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडातील शहरांत तेव्हा नळाचे पाणी होते, पण ते दिवसातून थोडा वेळ, किंबहुना काही ठिकाणी दिवसाआड सोडले जाई. त्या काळच्या लंडनची अवस्था ह्या बाबतीत आजच्या बीडहून फारशी निराळी नव्हती. लोक टाक्या आणि पिंपे भरून ठेवीत. पाणी चोवीस तास दाबाने सोडले तर ह्या गळक्या तोट्यांतून सगळे वाहून जाईल, अशी पाणी पुरविणाऱ्या कंपन्यांची भीती. टॉमस हॉक्सली नावाच्या इंजिनियराने १८३१ मध्ये नॉटिंगहॅम येथे अखंड दाबाने पाणी देऊन दाखविले. तथापि अशा पुरवठ्यास घरोघरी चांगली तोटी असणे अवश्य होते. दुसरी एक अडचण अशी की, दाबाखालचे पाणी खुंट्याच्या तोटीने एकदम अडविले म्हणजे नळात हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो आणि सांधे निखळतात.

ह्या दोन्ही अडचणींवर रॉदरहॅम गावच्या गेस्ट आणि क्राइम्स ह्या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने १८४५ मध्ये पेटंट घेतलेल्या तोटीने तोड काढली. आपण आज जिला साधी आट्यांची तोटी म्हणतो तीच ही. मूठ फिरविली की आट्यांचा दांडा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाची मऊ चकती पाण्याच्या वाटेवर दाबून बसते. चकती पूर्वी कातड्याची असे, पुढे रबराची आली. आपला कारागीर तिला वायसर म्हणतो. आट्यांमुळे पाणी हळूहळू थांबते, म्हणून धक्का बसत नाही. आणि झिजते ती केवळ चकती, जी कोणालाही बदलता येते. सबंध तोटी न बदलता तिचा झिजणारा लहानसा भाग बदलावा, ह्या एका कल्पनेने अखंड पुरवठा घरगुती वापरात शक्य झाला. धरणे बांधणाऱ्यांची नावे इतिहासात राहतात. परंतु धरणाचे पाणी घरात टिकून राहते ते ह्या रुपया-दोन रुपयांच्या चकतीच्या आधारावर, हे विसरता कामा नये.

मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने आले, आणि नगरपालिकेच्या नळाचे युग आपल्या प्रांतात सुरू झाले. पण तोटी आली म्हणजे ती सर्वांच्या हाती आली, असे झाले नाही. आपल्या समाजाच्या इतिहासातील हे पान वगळून तोटीचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, तेव्हा ती गोष्ट किती धाडसाची होती ह्याची कल्पना आज येणे कठीण. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत शालेय जीवनातील एक हकीकत नमूद केली आहे. शाळेत नळ होता, त्यास पाणी होते, मुलगा तहानलेला होता. परंतु नळास हात लावण्याची त्यास मनाई होती. शिपायाने येऊन तोटी उघडावी तेव्हाच त्याची तहान भागावी, आणि शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावे. जो शिक्षक ही हकीकत वाचील त्याची मान खाली गेल्यावाचून राहणार नाही. हौदावर निदान असे म्हणता येत होते की भांडे बुडविल्याने पाणी विटाळते; तोटीतून पाणी आपण होऊन खाली पडते, भांडे पाण्यास लागतही नाही. तरीही बंदी राहिली, ह्यावरून ती बंदी पाण्याच्या शुद्धतेसाठी नव्हती हे उघड होते. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याविषयीचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला. तो अंमलात येईना म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट ह्यांचा नावानिशी उल्लेख झाला. घरोघरी स्वतःची तोटी असण्याचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ज्याच्या हाती तोटी, त्याच्या हाती पाणी.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे वळू. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पर्जन्यछायेतील हा मुलूख. सिंदफणेवर माजलगावचे आणि मांजरेवर धनेगावचे धरण झाल्यावर शहरांना मोठा आधार मिळाला. परंतु धरणही अखेर पावसाच्याच दारचे याचक. १९७२ चा दुष्काळ आपल्या घराघरांतून अजून सांगितला जातो. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. जेथे पाणी असे काही दिवसांआड येते, तेथे तोटीला दोन जन्म घ्यावे लागतात. नगरपालिकेच्या नळाची तोटी पाणी येताच टाकी भरण्यासाठी उघडावयाची. आणि स्वयंपाकघरातील तोटी त्या साठविलेल्या पाण्यावर पुढचे कित्येक दिवस काढावयाची. ही दुसरी तोटी म्हणजे जुन्या रांजणाची राखणदार. तिची निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते.

पहिली गोष्ट, ती बंद कशी होते. हल्ली दुकानांत दोन जाती मिळतात. एक वर सांगितलेली आट्यांची, वायसरवाली. दुसरीत चिनीमातीसारख्या अतिकठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि पाव फेऱ्यात पाणी बंद होते. ही दुसरी जात वर्षानुवर्षे गळत नाही आणि हलक्या हाताने फिरते, म्हणून वृद्धांस व मुलांस सोयीची. परंतु आपल्या पाण्यात पहिल्या धारेबरोबर गाळ आणि वाळूचे कण येतात. त्यांनी त्या चकत्यांवर ओरखडे पडले की तिचा सगळा गुण जातो. ती घ्यावयाची तर टाकीच्या नळावर गाळणी बसवावी, आणि आतला भाग आपल्याच बाजारात सुटा मिळतो की नाही हे आधी विचारून घ्यावे. जिचा सुटा भाग मागविण्यास मुंबईला पत्र लिहावे लागते, ती तोटी कितीही देखणी असली तरी बीडच्या उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट, दाब. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी स्वयंपाकघरातील तोटीच्या वर दोन-तीन मीटर असते. म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. पुष्कळ नव्या तऱ्हेच्या तोट्या ह्याहून अधिक दाबासाठी घडविलेल्या असतात. त्या आपल्याकडे बसविल्या तर धार करंगळीएवढीही पडत नाही, आणि दोष टाकीला दिला जातो. दुकानदारास कमीत कमी दाब किती लागतो हे अवश्य विचारावे.

तिसरी गोष्ट, गरम आणि गार पाणी एकत्र करणारी तोटी घ्यावी काय? असे मिश्रण करणाऱ्या तोटीचे पेटंट टॉमस कॅम्पबेल ह्याने १८८० मध्ये घेतले, आणि एकाच मुठीने दोन्ही पाणी सांभाळणारी तोटी अमेरिकेत आल्फ्रेड मोएन ह्याने १९४७ मध्ये बाजारात आणली. विद्यार्थिदशेत गरम पाण्याने हात पोळल्यावर त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात. थंड देशांत तिची मोठी सोय आहे. आपल्या स्वयंपाकघरात गरम पाण्याचा स्वतंत्र नळच नसेल, तर तिचा अर्धा भाग जन्मभर निकामी राहावयाचा आणि किंमत मात्र पूर्ण मोजावयाची.

चौथी गोष्ट, धातू. चांगली तोटी पितळेची असते, म्हणजे तांबे आणि जस्त ह्यांच्या मिश्रणाची. वरची चकाकी क्रोमियमच्या पातळ मुलाम्याची. मुलामा सर्वांवर सारखाच चमकतो, म्हणून तोटी हातात घेऊन तिचे वजन पाहावे आणि भारतीय मानकाची खूण पाहावी. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार बरेच असतात. त्यांचा पांढरा थर तोटीच्या तोंडाशी बसतो. तोंडाला हवा मिसळणारी जाळी असेल तर पाणी कमी लागते आणि शिंतोडे उडत नाहीत, हा तिचा फायदा. मात्र ती हाताने काढून साफ करता येण्याजोगी असावी.

पाचवी गोष्ट केवळ नजरेने कळणारी, म्हणूनच विसरली जाणारी. पूर्वी आपल्या स्त्रिया मोरीत बसून भांडी घाशीत. पुढे ओटा आला, त्याबरोबर नळही उंच झाला. पण आपल्या घरांतून कळशी आणि हंडा गेलेला नाही. तोटीच्या तोंडाखाली कळशी उभी राहील एवढी जागा आहे काय, मान बाजूस वळते काय, आणि कणकेने माखलेल्या हाताच्या मनगटाने दांडी ढकलून ती बंद करता येते काय, हे पाहावे. हे पुरुषांस बहुधा सुचत नाही. म्हणून तोटी निवडावयास घरात जी स्वयंपाक करते तिने जावे, आणि इतरांनी पिशवी धरावी.

शेवटी शाळेतील त्रैराशिकाचे एक उदाहरण. तोटीतून सेकंदास एक थेंब गळतो असे समजा. दिवसाचे थेंब ८६,४०० झाले. पंधरा ते वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसास चार ते सहा लिटर, आणि वर्षास सुमारे पंधराशे ते दोन हजार लिटर पाणी गेले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन योजनेने खेड्यातील माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरविले आहे. म्हणजे एक गळकी तोटी एका माणसाचे महिनाभराचे पाणी वर्षाकाठी मोरीत ओतून टाकते. तेही कोणाची तहान न भागविता, एकाही रोपट्यास न लागता. खजान्याचे वाहते पाणी शेतास जात होते. आपले गटारात जाते.

तेव्हा नवी तोटी घ्यावयास जाल तेव्हा दुकानदारास ती उघडून दाखवावयास सांगू नका. ती बंद करून दाखवावयास सांगा, शेवटचा थेंब पडून पुढचा येत नाही ना हे मिनिटभर उभे राहून पाहा, आणि मगच पैसे द्या.